बर्फाचं गिरमिट आणि जुन्या यंत्राचे तीन भाव

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या एका गल्लीत आमच्या अब्बांचं गॅरेज होतं. राजदूत, चेतक, लुना आणि पुढे यामाहाची आरएक्स १००, असं धूर सोडणारं सगळं टू-स्ट्रोक घराणं तिथं दुरुस्तीला यायचं. कुणी जुनी गाडी विकायला आणली आणि 'मिस्त्री, किती येतील?' असं विचारलं की अब्बा उलट विचारायचे, "कुठला भाव सांगू?" समोरचा गोंधळून बघत राहायचा. मग अब्बा बोटांवर मोजून सांगायचे, "चालू भाव, पार्टचा भाव आणि वजनाचा भाव. गाडी तीच, भाव तीन."

चालू भाव म्हणजे किक मारल्यावर सुरू होऊन कामाला जाणाऱ्या गाडीचा. पार्टचा भाव म्हणजे ती उघडून तिच्यातला कार्बोरेटर, कॉइल, गिअर दुसऱ्या गाडीला लावता येतील, त्यांचा. आणि वजनाचा भाव म्हणजे भंगारवाल्याच्या काट्यावरचा. तिथं यंत्र हे यंत्र राहत नाही, लोखंड होतं.

हे सगळं आठवायला कारण झालं अमेरिकेतलं. गेल्या जानेवारीत मी मिनेसोटा राज्यात भाच्याकडे गेलो होतो. त्यानं तिथं जुनं घर विकत घेतलंय. आधीचे म्हातारे मालक जाताना गॅरेजच्या कोपऱ्यात एक यंत्र तसंच सोडून गेले होते. वर छोटं पेट्रोल इंजिन, दोन बाजूंना धरायच्या मुठी आणि खाली कमरेएवढ्या उंचीचा लोखंडी स्क्रू. भाचा म्हणाला, "मामू, ठेवू की विकू? ऑफिसातले लोक म्हणतात, याला आता कुणी विचारत नाही."

मी जवळ जाऊन पाहिलं. सुताराचं गिरमिट मोठं करून त्यावर लुनाचं इंजिन बसवलं तर कसं दिसेल, तसं ते होतं. आपल्याकडे डाळिंबाच्या किंवा द्राक्षाच्या बागेत खड्डे घ्यायला जे पेट्रोलचं मशीन वापरतात, त्याचाच हा सख्खा भाऊ. मातीला लावलं तर बाग उभी राहते, बर्फाला लावलं तर मासे मिळतात. तिकडे याला 'गॅस ऑगर' म्हणतात. अमेरिकेत गॅस म्हणजे पेट्रोल, हे आपल्या माणसाला सुरुवातीला कायम चकवतं.

भोक पाडण्याचा इतिहास

मिनेसोटात १० एकरांहून मोठी ११,८४२ सरोवरं आहेत. हिवाळ्यात ती गोठतात. वर बर्फाची लादी आणि खाली जिवंत पाणी, त्यात वॉलआय, पर्च, नॉर्दर्न पाईक हे मासे. बर्फ किमान ४ इंच झाला की माणसानं त्यावर पायी जावं, असा तिथल्या सरकारी खात्याचा सल्ला असतो. कडक हिवाळ्यात राज्याच्या उत्तरेला हीच लादी दोन-तीन फुटांची होते आणि लोक तिच्यावर चक्क मोटारी नेतात. छोट्या खोल्या ओढत नेऊन तिथं गावं वसवतात. प्रश्न एकच उरतो, या लादीला भोक कसं पाडायचं?

ओजिब्वे आणि डकोटा या तिथल्या मूळ लोकांनी तो प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. बर्फ फोडून भोक करायचं, वर अंधारा आडोसा उभारायचा, लाकडात कोरलेला खोटा मासा पाण्यात खेळवायचा आणि खरा मासा जवळ आला की भाला मारायचा. अंधारात बसल्यामुळे खालचं पाणी उजळ दिसतं. ही पद्धत आजही तिथं टिकून आहे.

पुढे लोखंडी पहार आली. पहारीनं दोन फूट बर्फ फोडणं म्हणजे हिवाळ्यात घाम गाळणं. एक भोक पडेपर्यंत हात भरून येणार आणि त्या आवाजानं उथळ पाण्यातला मासा पळणार. मग हाताचं गिरमिट आलं. स्वीडनमधलं मोरा हे गाव सुऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच गावाचं नाव लावलेली हातगिरमिटं आणि त्यांची पाती अमेरिकेतही नावाजली गेली. धारदार पातं असलं की बर्फ फुटत नाही, सोलला जातो. पण इथंही माणसाच्या खांद्याला मर्यादा आहे. एका जागी बसून मासे धरणाऱ्याला तीन-चार भोकं पुरतात. मासा शोधत फिरणाऱ्याला तीस-चाळीस लागतात.

व्यासाचा हिशेब तर आणखी निर्दय. ८ इंचाऐवजी १० इंचाचं भोक पाडायचं म्हटलं तर ऐकायला फरक दोनच इंचांचा. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, म्हणजे ६४ ला १००. तेवढ्याच खोलीत दीडपटीहून जास्त बर्फ कापावा लागतो. मिनेसोटात गळाच्या मासेमारीसाठी भोकाचा व्यास १२ इंचांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पण त्या मर्यादेच्या पुष्कळ आधीच माणसाचा हात थकतो.

एक जुनी कथा, जिचं टोक मुंबईत आहे

बर्फ कापायच्या हत्यारांचा भाव चढण्याची आणि पडण्याची कथा याआधी एकदा घडून गेली आहे. ती मिनेसोटाची नाही, पूर्व किनाऱ्यावरच्या बॉस्टनची आहे.

फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बॉस्टनच्या व्यापाऱ्यानं १८०६ साली तळ्यातला बर्फ जहाजात भरून मार्टिनिक बेटावर पाठवला. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. खरी अडचण कापण्याची होती. वेड्यावाकड्या आकाराचे तुकडे जहाजात नीट रचता येत नाहीत आणि लवकर वितळतात. नॅथॅनियल वायथ या त्याच्या सहकाऱ्यानं १८२० च्या दशकात घोड्यानं ओढायचा बर्फाचा नांगर तयार केला. शेतात तास पाडावेत तसे तळ्यावर उभे-आडवे तास पाडायचे आणि सारख्या मापाच्या चौकोनी लाद्या काढायच्या. त्या एका हत्यारानं बर्फ स्वस्त झाला आणि दूरच्या प्रवासाला तयार झाला.

मे १८३३ मध्ये 'टस्कनी' हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांनी ते पोहोचलं तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. १८३४ मध्ये हा बर्फ मुंबईत आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी पाहुण्यांना आइस्क्रीम खिलवल्याची हकिकत मुंबईच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. १८४० च्या दशकात मुंबईत त्यासाठी खास बर्फघर बांधलं गेलं. उन्हाळ्यात मुंबईकर जे थंडगार पाणी प्यायचे, ते अमेरिकेतल्या तळ्याचं होतं.

मग १८७० च्या दशकात हिंदुस्थानात यंत्रानं बर्फ करणारे कारखाने उभे राहिले आणि हा व्यापार बसला. खुद्द अमेरिकेत घरोघरी रेफ्रिजरेटर येईपर्यंत तळ्यांवरची बर्फतोड चालू राहिली, पुढे तीही थांबली. आता ते नांगर, करवती आणि चिमटे तिकडच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात भिंतीवर टांगलेले असतात.

त्या नांगराचं काही बिघडलं नव्हतं, हे लक्षात घ्यायला हवं. त्याचे दात शाबूत होते. आजही घोडा जुंपला तर तो बर्फ कापेल. पण तळ्यातल्या बर्फाला गिऱ्हाईक उरलं नाही. चालू भाव शून्य झाला आणि पुष्कळ वर्षांनी शोभेचा भाव आला. अब्बांच्या यादीत नसलेला हा चौथा भाव.

पेट्रोलचे दिवस

दुसऱ्या महायुद्धानंतर छोटी इंजिनं स्वस्त झाली. करवतीला, गवत कापायच्या यंत्राला, होडीला, सगळीकडे ती बसली. १९५० च्या दशकात मिनेसोटातल्याच रोझो या छोट्या गावात पोलॅरिस कंपनीनं बर्फावर धावणाऱ्या गाड्या बनवायला सुरुवात केली. त्याच लाटेत गिरमिटालाही इंजिन मिळालं. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या शेबॉयगन फॉल्स गावची 'जिफी' ही त्यातली नावाजलेली जात. जिफीच्या कित्येक यंत्रांवर टेकम्सी कंपनीचं टू-स्ट्रोक इंजिन असायचं. भाच्याच्या गॅरेजमधलं यंत्र याच जातीचं होतं.

टू-स्ट्रोकच का, हे गॅरेजमध्ये वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. व्हॉल्व्ह नाहीत, वेगळी ऑइलची टाकी नाही, भाग कमी, वजन कमी. यंत्र आडवं पडलं, तिरपं धरलं तरी वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. जुन्या इंजिनांना २४ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल, नंतरच्यांना ४० किंवा ५० ला १. उणे पंचवीस अंशांत दोरी ओढली की दोन-चार झटक्यांत सुरू. दोन फूट बर्फ एका मिनिटाच्या आत पार.

या यंत्रानं मासेमारीची रीतच बदलली. एका जागी बसून वाट बघणारा माणूस सरोवरभर फिरू लागला. मिनेसोटातल्या ब्रेनर्ड गावाजवळ गल सरोवरावर १९९० च्या दशकापासून बर्फावरच्या मासेमारीची मोठी स्पर्धा भरते. तिच्यासाठी स्वयंसेवक आधीच हजारो भोकं पाडून ठेवतात. पहारीच्या काळात असल्या स्पर्धेची कल्पनाही कुणी केली नसती.

भाव कुठे पडला?

तीन धक्के बसले. पहिला कायद्याचा आणि इंधनाचा. अमेरिकेनं छोट्या इंजिनांच्या धुरावर १९९७ च्या मॉडेलांपासून बंधनं आणली आणि ती पुढे कडक होत गेली. त्याच १९९७ साली मिनेसोटात राज्यभर पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणं सक्तीचं झालं. इथेनॉल ओलावा ओढून घेतं. दहा महिने गॅरेजात पडून राहणाऱ्या यंत्राच्या कार्बोरेटरसाठी हे मिश्रण चांगलं नाही. जुन्या नळ्या चिरतात, पडदा कडक होतो, आत चिकट थर बसतो. म्हणून तिथं छोट्या इंजिनांसाठी विनाइथेनॉल पेट्रोल वेगळं विकायला परवानगी आहे. पण ते शोधून, वेगळा कॅन भरून आणणारा माणूस म्हणजे यंत्रावर जीव असलेला माणूस.

दुसरा धक्का पार्टचा. २००८ च्या डिसेंबरात टेकम्सीनं इंजिनं बनवणं थांबवलं. लाखो यंत्रं लोकांच्या घरात आणि त्यांचं इंजिन बनवणारा कारखाना बंद. उरलेला साठा आणि इतरांनी बनवलेले जोडभाग यांवर आता काम चालतं.

तिसरा धक्का सगळ्यात मोठा. २०१० नंतरच्या दशकात लिथियम बॅटरीची गिरमिटं आली. पेट्रोलचं यंत्र साधारण १२ ते १५ किलोचं, बॅटरीचं ९-१० किलोच्या आसपास. आणि ज्याच्याकडे घरकामाचं चांगलं कॉर्डलेस ड्रिल आहे, तो त्यालाच हलकं गिरमिट लावून ५-६ किलोत काम भागवतो. धूर नाही, दोरी ओढणं नाही, गाडीत पेट्रोलचा वास नाही. बर्फावरच्या बंद खोलीत पेट्रोल इंजिन चालवणं कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकतं. बॅटरीचं यंत्र आतही चालवता येतं.

आपल्या आरएक्स १०० शी तुलना केली की गोष्ट स्पष्ट होते. तीही टू-स्ट्रोक, तीही धुराच्या नियमांपुढे टिकली नाही. १९८५ ला सुरू झालेली ही गाडी १९९६ ला बंद झाली. आज तिची चांगली राखलेली गाडी मूळ किमतीच्या कितीतरी पट भावानं जाते. मग गिरमिटाचाच भाव का पडावा? कारण आरएक्स १०० घेणारा माणूस फक्त पोहोचण्यासाठी ती घेत नाही. तिचा आवाज, तिची उडी त्याला हवी असते आणि ती दुसऱ्या गाडीत मिळत नाही. गिरमिटाकडून मात्र लोकांना फक्त भोक हवं असतं. पेट्रोलनं पाडलेलं आणि बॅटरीनं पाडलेलं भोक माशाला सारखंच.

पण शोभेच्या भावाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. चार-स्ट्रोक गाड्या आल्या तेव्हा अब्बांचं गॅरेज हळूहळू रिकामं झालं. ज्या हातांना आवाजावरून रिंग गेली की सील गेलं हे कळायचं, त्या हातांना काम उरलं नाही. अखेरच्या दिवसांत पुण्याहून पोरं आरएक्स घेऊन यायची, अब्बांसोबत फोटो काढायची, 'उस्ताद' म्हणायची. अब्बा खूश व्हायचे. पण मधली दहा-बारा वर्षं घर अम्मीच्या शिवणावर चाललं. जुन्या वस्तूला आणि जुन्या कसबाला मोल येतं, हे खरं. ते फार उशिरा येतं, मोजक्यांना येतं आणि त्यात बहुधा मिस्त्रीचा वाटा नसतो.

उपयोग संपला का?

नाही. भाव पडणं आणि उपयोग संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घेणाऱ्यासाठी यातच फायदा असतो.

कडाक्याच्या थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि शून्याखाली तिला चार्जही करू नये. फेब्रुवारीअखेर तीन फूट बर्फात १० इंची भोकं एकामागून एक पाडायची असतील, तर एका कॅनवर दिवसभर चालणारं जुनं यंत्र अजून भारी पडतं. जुन्या जिफीची दातेरी पाती बर्फ सोलत नाहीत, फोडतात. म्हणून गोठून बुजलेलं जुनं भोक पुन्हा उघडायला किंवा वाळू-माती मिसळलेल्या बर्फात ती चांगली चालतात. गुळगुळीत सोलणारी पाती अशा जागी अडकतात. शिवाय काही कंपन्यांच्या इंजिनाला खालचा स्क्रू बदलून उन्हाळ्यात कुंपणाच्या खांबांचे खड्डे घेता येतात. नवं बॅटरीचं यंत्र ४०० ते ७०० डॉलरला पडतं. जुनं चालू यंत्र त्याच्या पाचव्या हिश्श्यातही मिळू शकतं.

घेताना काय बघायचं? अब्बा जे बघायचे तेच. दोरी हळू ओढून दाब जाणवतो का. प्लग काळा-ओला आहे की कोरडा. पेट्रोलची नळी बोटानं वाकवली तर चिरते का. आणि पाती. पात्याची धार कोनावर असते, कानशीनं घरी घासली की कोन बिघडतो आणि यंत्र बर्फावर नुसतं नाचतं. नवी पाती घ्यावी लागली तर स्वस्त यंत्राचा निम्मा स्वस्तपणा तिथंच जातो.

एक चौथी गोष्टही आहे आणि तिच्यापुढे पेट्रोल-बॅटरी सारखेच. गेल्या पन्नास वर्षांत मिनेसोटातल्या सरोवरांवर बर्फ राहण्याचा काळ सरासरी १० ते १४ दिवसांनी घटलाय. २०२३-२४ चा हिवाळा तिथल्या नोंदींतल्या सर्वांत उबदार हिवाळ्यांपैकी एक ठरला आणि गल सरोवरावरची ती स्पर्धा २०२४ ला पातळ बर्फामुळे रद्द करावी लागली. वायथच्या नांगराला बर्फाचं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. गिरमिटापुढे उद्या बर्फच कमी पडू शकतो. तेव्हा ७०० डॉलरचं यंत्रही भिंतीवर जाईल.

शेवटी काय झालं

दोन दिवस गॅरेजात बसून मी ते यंत्र उघडलं. कार्बोरेटरचा पडदा पापडासारखा कडक झाला होता, नळी दोन जागी चिरली होती. पंधरा डॉलरचं सामान मागवलं. पाचव्या झटक्याला ते सुरू झालं आणि गॅरेजभर निळसर धूर पसरला. भाचा खोकत बाहेर पळाला. मी मात्र थोडा वेळ तिथंच उभा राहिलो. तो वास मी वीस वर्षांनी घेत होतो.

आम्ही ते सरोवरावर नेलं, सहा भोकं पाडली, दोन पर्च मिळाले. मग भाच्यानं विक्रीची जाहिरात दिली. तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. नंतर एक सत्तरीचे गृहस्थ आले. त्यांच्याकडे याच जातीचं यंत्र तीस वर्षांपासून आहे, पण दोरीचा स्टार्टर अखेरच्या घटका मोजतोय आणि नवा मिळत नाही. साठ डॉलर द्यायला तयार झाले.

भाचा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामू, तुम्ही एवढं दुरुस्त केलं आणि हे ते उघडून टाकणार."

मी म्हटलं, "विचार तर खरं."

त्यानं विचारलं. गृहस्थ म्हणाले, लगेच नाही उघडणार. दोन्ही चालवीन. एक कायमचं बंद पडेल तेव्हा दुसऱ्याच्या पार्टवर चालेल.

अब्बांच्या गॅरेजमागं अशाच दोन राजदूत उभ्या असायच्या. त्यांच्या पार्टवर गावातल्या दहा-बारा गाड्या चालत. लहानपणी मला त्या मेलेल्या गाड्या वाटायच्या. मी भाच्याला म्हटलं, "देऊन टाक. पार्टच्या भावात जातंय, पण चालू राहील."

त्यानं साठ डॉलर घेतले आणि पेट्रोलचा अर्धा भरलेला कॅन गृहस्थांना वरून दिला. त्याच्यावर मी ऑइलचं प्रमाण लिहून चिकटवलं होतं, २४ ला १.